काबूलचा आदर्श आणि दाईचा प्रश्न

परवा इफ्तारनंतर भाचीनं मोबाईल माझ्यापुढे धरला. बारावीला आहे, नीटची तयारी चाललीय. "मामू, हे खरंय का?" फॅमिली ग्रुपवर तिच्या थोरल्या चाचांनी टाकलेला मेसेज होता: इस्लामचं खरं पुनरुज्जीवन बघायचं तर तालिबानकडे बघा. त्यांनी महासत्तेला हरवलं, अफू बंद केली, मुलींना घरात ठेवून शरीयत पाळली. आपले उलेमा, म्हणजे धर्मपंडित, मात्र भित्रे. खाली नेहमीचं, 'सवाबसाठी (पुण्यासाठी) पुढे पाठवा'.

महासत्तेला व्हिएतनामनंही हरवलं होतं. मग काय, कम्युनिस्ट व्हायचं?

अफूचं मान्य करतो, जिवावर येऊन. एप्रिल २०२२ मध्ये बंदी आली आणि संयुक्त राष्ट्रांच्याच मोजणीत पुढच्या वर्षी लागवड २,३३,००० हेक्टरवरून १०,८०० वर आली. पण त्याआधी वर्षानुवर्षं याच अफूवर वसुली कोण करत होतं, हे मेसेजवाला सांगत नाही.

डोकं फिरलं ते मुलींच्या मुद्द्यावर. २३ मार्च २०२२ ला मुली दप्तरं घेऊन हायस्कुलात पोचल्या आणि त्यांना काही तासांत परत पाठवलं. डिसेंबरमध्ये विद्यापीठं बंद. डिसेंबर २०२४ मध्ये नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणही बंद. बाईला बाईनंच तपासावं हा आग्रह यांचाच. मग ती बाई येणार कुठून, आभाळातून? बाळंतपणात बायका दगावण्याचं प्रमाण जिथे जगात सर्वाधिक असलेल्या देशांत मोडतं, तिथे दाई शिकू द्यायची नाही, आणि याला म्हणे शरीयत! पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांकडून दोन हजारांवर हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वर्तनाच्या नोंदी, आल्या. त्या शिकायला पुरुष त्यांच्या दारी जायचे, पडद्याआडून ऐकायचे. हायस्कुलाची दारं मुलींना अशी बंद करणारा दुसरा मुस्लीम देश दाखवा. सौदी नाही, इराण नाही.

आणि उलेमा भित्रे? डिसेंबर २०२२ मध्ये इजिप्तच्या अल-अझहरचे इमाम अहमद अल-तय्यिब यांनी जाहीरपणे सांगितलं की विद्यापीठबंदीचा हा निर्णय शरीयतच्या विरोधात आहे. काहिराचा, म्हणजे कैरोचा, हा हजार वर्षांचा मदरसा आता कुणा फॉरवर्डवाल्याकडून धर्म शिकणार!

बरं, अल-अझहर नको असेल तर घरचाच माणूस घ्या. तालिबानचे तेव्हाचे उपपरराष्ट्रमंत्री शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझई, तरुणपणी आपल्या डेहराडूनच्या लष्करी अकादमीत शिकलेले. जानेवारी २०२५ मध्ये अफगाणिस्तानातल्या खोस्तच्या मदरशात उभं राहून ते म्हणाले की मुलींना शिक्षणापासून अडवायला कुठलंच कारण नाही, हा अन्याय आहे. थोड्याच दिवसांत ते देशाबाहेर, संयुक्त अरब अमिरातीत असल्याच्या बातम्या आल्या.

चाचांची धाकटी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेसेज टाकला त्याच सकाळी त्यांनी तिच्या हॉस्टेलची फी भरली होती. भाचीनंच सांगितलं.