नांदूर मधमेश्वरला टाळ्या वाजवायला जाऊ नका

थंडी पडली की नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याचा तो मेसेज फिरतोच. यंदा तो मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला, खाली 'रविवारी जाऊया' असं लिहून. 'महाराष्ट्राचं भरतपूर! सायबेरियाचे हजारो फ्लेमिंगो. अकरापर्यंत पोचा, ब्रेड-फरसाण न्या, पक्षी जवळ येतात. टाळ्या वाजवल्या की थवा उडतो, व्हिडिओ झकास!' मावशीचा दोष नाही. पण हे लिहिणाऱ्याने तिथे पाऊल तरी ठेवलंय का?

आधी टाळ्या. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, रात्री शेतांत, गवतात चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. टाळी वाजते ती नेमकी त्या विसाव्यात. उडण्याइतकी ताकद पक्ष्याची दुसऱ्या कशातच खर्च होत नाही, आणि मार्चपर्यंत अंगात चरबी साठली नाही तर हिमालय ओलांडायचा कशाच्या जोरावर? आपण फार जवळ गेलोय हे ओळखणं सोपं आहे. चरणं थांबतं, माना ताठ होतात, सगळी डोकी एका दिशेला वळतात. तिथेच थांबायचं. पक्षी पोहत लांब सरकू लागले तर मागे फिरायचं. थवा उडताना पाहायचाच असेल तर धीर धरा. भोवत्या हा शिकारी पक्षी डोक्यावरून घिरट्या घालत गेला की वारकरी (काळे पाणपक्षी) आणि बदकं आपणहून उठतात. शिवाय हे अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२, कलम २७, पोटकलम ४: वन्यप्राण्याला छळायचं नाही, आवारात कचरा टाकायचा नाही. कायद्याच्या लेखी पक्षीही प्राणीच.

त्याच पोटकलमात ब्रेड-फरसाणही बसतं. थापट्या नावाचं बदक चोचीने पाणी गाळून बारीक जीव खातं, तलवार बदक शेपटी वर करून तळातलं शोधतं. तुमच्या ब्रेडसाठी यातलं कुणी काठावर येत नाही. येतात कावळे आणि कुत्री. कुत्री काठाला सोकावली की जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीची धडगत नसते. उरलेला ब्रेड साचलेल्या पाण्यात कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू खातो.

फ्लेमिंगो सायबेरियाचे नव्हेत. आपल्याकडचे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, कच्छच्या रणात वीण करतात. नांदूरला ते येतात, हे खरं. पण उथळ पाणी असेल तरच. तिथल्या बंधाऱ्यातून गोदावरीच्या कालव्यांना पाणी जातं, वरून दारणा-गंगापूर धरणांचं आवर्तन (ठरावीक पाळीने सोडलेलं पाणी) सुटलं की पातळी चढते आणि चिखलपट्टे बुडतात. त्यामुळे हजारोंची हमी कुणीच देऊ नये.

'भरतपूर' म्हणायला हरकत नाही. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ते.

अकरा वाजता मात्र नकोच. तोवर पाण्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतही पिसांचा रंग कळत नाही. नाशिकहून साधारण चाळीस किलोमीटर आहे, पहाटेच निघा. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण, मातकट कपडे, ऊन पाठीशी. चापडगावला स्थानिक गाईड घ्या, आणि निघण्याआधी त्यांनाच फोन करून विचारा: आवर्तन सुटलंय का?