“ठोके सापडत नाहीत” असं म्हणू नका

बाळ गेलेल्या आईवडिलांशी कसं वागावं, याचं प्रशिक्षण बहुतेक वेळा असं असतं: तासाभराचं भाषण, पडद्यावर दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार), शेवटी प्रमाणपत्र. त्या पायऱ्या मुळात मरणासन्न रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या, पण ते असो. कळवळा डॉक्टर-नर्सेसकडे असतोच. ऐनवेळी तोंडात शब्द नसतात आणि हातांना सवय नसते. या दोन्ही गोष्टी भाषणाने येत नाहीत, तालमीने येतात.

गरोदरपणाच्या २८ आठवड्यांनंतर पोटात किंवा जन्मताना गेलेल्या बाळांची संख्या २०२१ साली जगभरात सुमारे १९ लाख होती. प्रसूती विभागात काम करायचं तर ही वेळ आपल्यावर कधी ना कधी येणारच, असं धरूनच शिकायला हवं.

तालीम सोनोग्राफीच्या खोलीपासून सुरू करा. तपासणारा गप्प होतो, पडदा हळूच स्वतःकडे वळवतो, “डॉक्टरांना बोलावतो” म्हणून निघून जातो. आईला तिथेच सगळं कळलेलं असतं, फक्त सांगितलेलं कुणी नसतं. म्हणून पहिलं वाक्य आधीच पाठ हवं: “मी आता थोडा वेळ न बोलता तपासणार आहे. जे दिसेल ते तुम्हाला सांगेन.” दुसऱ्या डॉक्टरांनी खात्री करून घेतली की पुढचं वाक्य: “बाळाच्या हृदयाचे ठोके थांबले आहेत. तुमचं बाळ गेलं आहे. फार वाईट वाटतंय मला.” “ठोके सापडत नाहीत” म्हटलं की आईला वाटतं, मशीन खराब असेल, पुन्हा शोधा. ‘गेलं’ हा शब्द उच्चारावाच लागतो.

मग गप्प बसायचं. हेच सगळ्यात अवघड. तिघांचे गट करा: एक डॉक्टर, एक आई, तिसरा घड्याळ आणि वही घेऊन बसलेला. बातमी सांगितल्यावर ३० सेकंद कुणी तोंड उघडायचं नाही. बहुतेकांना दहाही जड जातात आणि लगेच “तुम्ही अजून तरुण आहात”, “निदान लवकर कळलं” सुरू होतं. वहीवाल्याने नेमकी तीच वाक्यं लिहून वाचून दाखवायची. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते पुन्हा सहसा निघत नाही.

निदानानंतरही काही आयांना बाळ हलल्यासारखं वाटतं. कूस बदलली की गर्भजलात बाळाचं शरीर सरकतं, त्यामुळे. “भास आहे” म्हणून उडवून न लावता कारण सांगा आणि ती म्हणेल तर पुन्हा सोनोग्राफी करून दाखवा.

बाळ हाताळणं तर कुणी शिकवतच नाही. पोटातच मरण पावून काही दिवस झालेल्या बाळाची कातडी सुटते, ओठ गडद लाल होतात, कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात. आईवडिलांच्या हातात देण्याआधी हे साध्या शब्दांत सांगायचं. सरावासाठी बाहुलीवर ओला टिश्यू पेपर चिकटवा. घासला की निघतो, टिपला की राहतो. पुसताना हेच लक्षात ठेवायचं: टिपायचं, घासायचं नाही. शिवाय डोकं आणि पाठ पूर्ण आधारावर, कपडे समोरून उघडणारे, हातापायांचे ठसे पालकांना विचारूनच आणि कातडी शाबूत असेल तिथेच. बाळ बघायचं का, हे एकदाच विचारून फाईलवर ‘नकार’ लिहून मोकळं होऊ नका. पहिल्या तासातलं “नाही” संध्याकाळी बदलू शकतं. आग्रहही नको.

दूध हा विषय कुणाचाच नसतो, म्हणून राहून जातो. प्रसूतीनंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पान्हा फुटतो. तोवर बाई घरी गेलेली असते आणि तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. घरी सोडण्याआधी सांगा: नीट आधार देणारे अंतर्वस्त्र, थंड शेक, गरजेपुरती वेदनाशामक गोळी, फार ताण आला तर आराम वाटेल इतकंच दूध काढणं. डॉक्टरांच्या सल्ल्याने दूध येणं थांबवणारी कॅबरगोलिन ही गोळी १ मिलिग्रॅम एकदाच, शक्यतो पहिल्या दिवशी देता येतं. पण रक्तदाब वाढलेला असेल किंवा पूर्वी सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार) झाला असेल तर नाही. हे प्रश्न विचारल्याशिवाय गोळी लिहिणं धोक्याचं.

शवविच्छेदनाची संमती सगळ्यात ज्युनियरवर ढकलणं मला अजिबात पटत नाही. कुठे छेद देतात, बाळ परत कधी आणि कसं मिळतं, हे ज्याला सांगता येतं त्यानेच विचारावं. पालक नको म्हणाले तरी वारेची (प्लासेंटाची) तपासणी स्वतंत्रपणे करता येते, हेही सांगावं. उत्तर ‘कारण कळलं नाही’ असंही येऊ शकतं, हे आधीच बोललेलं बरं.

आणि या प्रशिक्षणाला सफाई कर्मचारी, वॉर्डमधल्या मावशी, नोंदणी खिडकीवरचा कारकून, सगळे हवेत. “पेढे कधी?” हे डॉक्टर विचारत नाहीत, ज्याला कुणी कळवलेलंच नसतं तो विचारतो. खोलीच्या दारावर आणि केसपेपरवर ठरलेली एक खूण पुरते. पुढच्या तपासण्यांच्या तारखा आणि लसीकरणाचे आपोआप जाणारे मेसेज त्याच दिवशी कोण बंद करणार, त्याचं नाव ड्युटी लिस्टवर लिहा. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवावं’ असं लिहिलं, तर सहा आठवड्यांनी त्या घरी लसीचा मेसेज जातोच.