कव्हरवरची मुलगी आणि खड्ड्यातली बाई

परवा भाचीने व्हॉट्सअॅपवर एका परदेशी मासिकाचं कव्हर पाठवलं. वीसेक वर्षांची मुलगी, डोक्याला रुमाल, गालावर बरोब्बर एकच मातीचा फराटा, हातात थापी, मागे निळंशार आकाश. कॅमेऱ्याकडे बघून मोकळं हसतेय. खाली भाचीचा मेसेज: "मावशी, या सुट्टीत मला उत्खननाला जायचंय. तू गेली होतीस ना इस्राएलला?"

गेले होते. शेफेला भागातल्या एका टेलवर, एक अख्खा सीझन. टेल म्हणजे आपल्याकडे गावोगावी ज्याला पांढर म्हणतात तसं जुन्या वस्तीचं टेकाड. आणि पुण्यातल्या एका मासिकात मी चौदा वर्षं फोटोंचं काम बघितलंय, कव्हर ठरवायच्या बैठकांना बसलेय. त्यामुळे तो फोटो का निवडला हे मला लगेच कळलं, आणि त्यात काय खोटं आहे तेही. फोनवर सगळं सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय. लांब झालंय, सवडीने वाचा.

अशा उत्खननांवर हौसेने, पदरचे पैसे घालून स्वयंसेवक येतात. आधी ही पद्धत कुठून आली ते सांगते, कारण आपल्याकडे ती जवळजवळ नाहीच. आपल्याकडे खणतात ते गावातले रोजंदारीवरचे मजूर आणि त्यांच्यावर देखरेख करणारे विद्यार्थी. इस्राएलमध्ये पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी १९६३ ते १९६५ या काळात मृत समुद्राजवळचा मसाडा हा प्राचीन डोंगरी किल्ला खणला, तेव्हा वर्तमानपत्रांतून आवाहन करून जगभरातून माणसं बोलावली. २८ देशांमधून लोक आले, तंबूत राहिले, स्वतःच्या खर्चाने आले. तिथून ती रीत पडली. आजही तिथली कित्येक उत्खननं अशा माणसांवर चालतात. तिकीट तुमचं, राहण्याजेवणाचे पैसे तुम्ही भरायचे, वर चार आठवडे माती उपसायची. हर्शेल शँक्स या वॉशिंग्टनच्या वकिलाने १९७५ मध्ये काढलेल्या 'बिब्लिकल आर्किऑलॉजी रिव्ह्यू'चा जानेवारी-फेब्रुवारीचा अंक तर अनेक वर्षं याचसाठी ओळखला गेला. येत्या उन्हाळ्यात कुठे खणणार, कुणाला माणसं हवीत, याची यादी त्यात असायची. हौशी माणसं तो अंक बघून जागा ठरवायची.

म्हणजे अशा अंकाचं कव्हर नुसतं कव्हर नसतं. ते आमंत्रण असतं. ते बघून कुणीतरी साठवलेले पैसे मोडणार असतं, सुट्टी टाकणार असतं. म्हणून मला त्याबद्दल इतकं वाटतं.

बैठकीत काय होतं ते मी सांगू शकते, कारण मी तिथे बसलेय. वरचा तिसरा हिस्सा मोकळा हवा, तिथे मासिकाचं नाव बसतं. म्हणून आकाश. नजरेला नजर हवी, म्हणजे स्टॉलवरून जाणारा थबकतो. म्हणून कॅमेऱ्याकडे बघणारा चेहरा. चेहरा तरुण हवा, हसरा हवा, आणि पुढचं कुणी उच्चारत नाही पण सगळ्यांना माहीत असतं, मुलीचा हवा. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर आठवा. पहिल्या पानावर कोण उड्या मारत असतं? पास तर मुलगेही झालेले असतात. ही सवय आम्हा फोटो निवडणाऱ्यांच्या हाताला लागलेली आहे, आणि ती सवय आहे हेसुद्धा आम्ही विसरलोय.

आता इथे एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर खाली कमेंटमध्ये गाडी भलतीकडे जाईल. माझी तक्रार त्या मुलीच्या कपड्यांबद्दल नाही. अशा कव्हरवर शॉर्ट्स दिसल्या की नाकं मुरडणारे असतात, त्यांच्या बाजूने मी नाही. जुलैत शेफेलात सकाळी दहानंतर उभं राहवत नाही. तिथे मीही शॉर्ट्स घातल्या, आमच्या स्क्वेअरच्या, म्हणजे खणायला आखून दिलेल्या चौकोनाच्या, पर्यवेक्षक बाईंनीही घातल्या. कपडे उन्हाने ठरवले होते. माझा प्रश्न वेगळा आहे: ती कव्हरवरची मुलगी काय करतेय? काहीच नाही. थापी हातात आहे, पण तिच्या पात्याला माती नाही.

खरा दिवस असा असतो. साडेचारला उठायचं, पाचला टेलवर. काळी शेडनेट ताणायची. पाच मीटर बाय पाच मीटरचा तुमचा स्क्वेअर, चारही बाजूंना न खणता राखलेली मातीची भिंत, तिला बॉक म्हणतात. बॉकच्या कडेला उभं राहायचं नाही, हा पहिल्या दिवसाचा पहिला नियम, कारण ती ढासळली तर स्तरांची सगळी नोंदच ढासळते. हातात पातिश, म्हणजे छोटी कुदळ. माती गूफात, म्हणजे जुन्या टायरच्या रबराच्या घमेल्यात भरायची, आणि माणसांची रांग करून हातोहात वर पोचवायची. दुपारी एकला काम थांबतं. जेवून, पडून, चारला पुन्हा बसायचं, बादलीत भिजलेली खापरं ब्रशने घासायला. मग तज्ज्ञ येऊन ती टेबलावर पसरतात, काठ वेगळे, कान वेगळे, बूड वेगळं करतात, आणि एका ओंजळभर खापरांवरून सांगतात की तुम्ही आज कुठल्या शतकात होता. मला त्या टेबलाजवळ जो आनंद झाला, तो नंतर फार कमी वेळा झाला. पण तो आनंद मान खाली घातलेला असतो. कॅमेऱ्याकडे बघायला सुचतच नाही.

तिसऱ्या आठवड्यात युरोपातल्या एका प्रवास-मासिकाचा छायाचित्रकार आला. आमच्या स्क्वेअरमध्ये तेव्हा साठवणीचा एक मोठा रांजण उघडा पडत होता. तो काढत होती एक निवृत्त नर्स, ऑस्ट्रेलियाहून आलेली, वय साठीच्या पुढे. तीन दिवस ती त्या रांजणाशेजारी गुडघ्यांवर होती. बांबूच्या काडीने भेगांतली माती काढायची, ब्रशने झटकायची, थांबायची, श्वास घ्यायचा, पुन्हा. इतकी वर्षं जखमा साफ केलेला तो हात होता, त्याला घाई ठाऊकच नव्हती. छायाचित्रकाराने रांजण बघितला आणि खूश झाला. मग शेजारच्या स्क्वेअरमधून दोन मुलींना बोलावलं. नर्सबाईंना म्हणाला, जरा फ्रेमच्या बाहेर याल का? त्या उठल्या. उठायला वेळ लागला. उपड्या घमेल्यावर जाऊन सावलीत बसल्या, गुडघ्यांना बांधलेले पॅड तसेच. मुलींच्या हातात ब्रश दिले, रांजणाशेजारी बसवलं, इकडे बघा म्हणाला.

मला हे सगळं आतून माहीत होतं. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. आणि मी काय केलं? चेहऱ्यांवर उजेड पडावा म्हणून त्याचा पांढरा रिफ्लेक्टर धरून उभी राहिले. हे मला अजून टोचतं.

त्या मुलींना मी बोल लावत नाही. उलट सगळ्यात जास्त चिडली ती त्यांच्यातलीच एक. संध्याकाळी खापरं धुताना म्हणाली, "माझ्या स्क्वेअरमध्ये मी स्वतः शोधलेली विटांची भिंत आहे. कच्च्या विटा, आजूबाजूच्या मातीत मिसळलेल्या, मला सहा दिवस लागले त्यांची कड ओळखायला. तिथे फोटो काढा म्हटलं, तर म्हणाला भिंत दिसत नाही." ती भिंत दिसायला डोळा तयार व्हावा लागतो. तिचा तो डोळा तयार झाला होता, आणि फोटोत तिचे नुसते डोळे आले. एकाच फोटोत दोघींवर अन्याय झाला, जिला बाहेर काढलं तिच्यावर आणि जिला आत बसवलं तिच्यावरही.

ही नुसती दुखावलेल्या मनाची गोष्ट नाही. २०१४ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. पुरातत्त्व, मानवशास्त्र, भूशास्त्र अशा मैदानी कामाच्या विषयांतल्या ६६६ जणांना त्यांचे अनुभव विचारले होते. ६४ टक्के लोकांनी सांगितलं की कामाच्या जागी त्यांना लैंगिक शेरेबाजी किंवा छळ सोसावा लागला. २० टक्क्यांहून जास्त लोकांनी लैंगिक अत्याचार सांगितला. यात बहुतेक जणी शिकाऊ मुली होत्या. कव्हरच्या फोटोमुळे हे घडतं असं मी म्हणत नाही. पण ज्या क्षेत्रात हे घडतं, तिथे शिकायला येणाऱ्या मुलीची पहिली ओळख "बघायला छान" अशी करून देताना निवडणाऱ्याचा हात थरथरायला हवा.

शास्त्रीय फोटोग्राफी याच्या बरोबर उलट टोकाला असते. अहवालासाठीचा फोटो उन्हं यायच्या आत काढतात, म्हणजे सावल्या पडत नाहीत. त्याआधी स्क्वेअर झाडून लख्ख करतात, मातीचा रंग उठावा म्हणून पाण्याचा फवारा मारतात, मापाची पट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवतात. आणि माणसं सगळी बाहेर. घमेलंसुद्धा दिसता कामा नये. कारण रास्त आहे, मला पटतं. पण परिणाम काय होतो बघा. अहवालात माणूस नको असतो म्हणून खणणारा दिसत नाही, आणि कव्हरवर हवा तसाच माणूस लागतो म्हणूनही तो दिसत नाही.

हे मला नीट कळलं ते इनामगावला. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावं आपल्याला माहीत आहेत. तिथे कच्च्या मातीचा चार पायांचा एक रांजण सापडला, त्यात बसवून पुरलेला पुरुष. जोर्वे काळातला, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा. आमच्या दिवाळी अंकात त्यावर लेख होता म्हणून मी गावात गेले. तरुणपणी उत्खननावर मजुरी केलेले एक आजोबा भेटले. मी पुस्तकातला त्या रांजणाचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ कडा बघत राहिले. मधोमध रांजण होता, तो त्यांना बघायचाच नव्हता. मग म्हणाले, "हितं कडंला आम्ही हुतो." कडेला पान संपत होतं.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. आजच्या इस्राएलमधल्या कार्मेल डोंगरातली ताबून गुहा ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ डोरोथी गॅरड यांनी १९२९ ते १९३४ मध्ये खणली. पुढे १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. त्यांच्या हाताखाली आसपासच्या पॅलेस्टिनी खेड्यांमधल्या बायका काम करायच्या. त्यातल्या युस्रा नावाच्या मुलीची नजर एका दातावर गेली, आणि त्या दातामागून निअँडरथल या आदिमानवांपैकी एका बाईची कवटी निघाली. युस्राचं एवढंच नाव उरलं. जबा आणि इजझिम ही तिथली खेडी १९४८ मध्ये ओस पडली. पूर्ण नाव सांगणारं कुणी राहिलं नाही.

सांकलिया स्वतः इंग्लंडमध्ये शिकत असताना मेडन कॅसल या तिथल्या प्राचीन टेकडी-किल्ल्याच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली खणायला होते. व्हीलर यांना प्रसिद्धीची कला अवगत होती, तिथे पर्यटकांना पोस्टकार्डंसुद्धा विकली जायची. विद्यार्थ्यांना हाताला धरून शिकवायचं काम मात्र मोठ्या प्रमाणात त्यांच्या पत्नी टेसा करायच्या. १९३६ मध्ये त्या गेल्या. नाव व्हीलर यांचंच राहिलं.

मग कव्हरवर काय छापावं? मला विचाराल तर हात छापा. मातीने भरलेली नखं आणि त्यांच्यामधून अर्धा बाहेर आलेला घड्याचा काठ. घमेल्यांची रांग छापा, पाठमोरी, एकाचा हात दुसऱ्याकडे पोचतानाचा क्षण. चेहरा हवाच असेल तर खाली बघणारा छापा, एखाद्या आजीचा, एखाद्या काळ्या पोराचा, आणि हो, त्या वीस वर्षांच्या मुलीचाही, पण तिच्या विटांच्या भिंतीसोबत. आणि आतल्या पानावर, फोटो कुणी काढला हे जिथे छापता तिथेच, फोटोत कोण आहे तेही छापा. एक ओळ लागते. अंक विकला जाणार नाही, असं बैठकीत हमखास कुणीतरी म्हणेल. आम्ही त्या दिवाळी अंकात आतल्या पूर्ण पानावर त्या आजोबांचे हात छापले, नावासकट. वाचकांची पत्रं आली ती त्या पानाबद्दल. कव्हरवर मात्र आम्हीही रांगोळी काढणारी मुलगीच छापली होती. मी तेव्हा भांडले नाही. आज भांडले असते.

भाचीला मी काल तीन फोटो पाठवले. सीझनच्या शेवटी मी माझ्या साध्या कॅमेऱ्याने काढलेले. एकात पहाटेची शेडनेट आहे. एकात धुतलेल्या खापरांचं टेबल. तिसऱ्यात नर्सबाई आहेत, रांजणाशेजारी, मागून काढलेल्या. चेहरा दिसत नाही, वाकलेली पाठ दिसते, मानेवरचा घाम दिसतो, आणि त्यांच्या दोन बोटांमध्ये ती बांबूची काडी.

तासभर उत्तर नव्हतं. मला वाटलं, हिरमुसली. मग मेसेज आला: "मावशी, त्यांनी गुडघ्याला काय बांधलंय? ते कुठे मिळतं?"

फरशी बसवणारे कारागीर वापरतात ते पॅड, मी लिहिलं. जाड बघून घे, आणि दोन जोड घे.