दिकेमची द्राक्षं नुसती ‘सुकवत’ नाहीत

शातो दिकेम ही फ्रान्समधल्या बोर्दो भागातली नावाजलेली गोड वाइन. तिच्यावरच्या एका लेखात तिची द्राक्षं ‘वेलीवर सुकवतात’ म्हटलंय, ते अर्धंच खरं. मणी सुकतो तो बोट्रायटिस बुरशीमुळे. तिथे सिरों नदीचं गार पाणी गारोन नदीला येऊन मिळतं, त्यातून उठणारं सकाळचं धुकं बुरशी धरवतं. दुपारचं ऊन-वारं मण्यातलं पाणी उडवतं. पाऊस लागून राहिला की तीच बुरशी घड कुजवते. म्हणून तोडणी एकदम नाहीच. पाच-सहा फेऱ्या, दर वेळी सुरकुतलेले तपकिरी-जांभळे मणी तेवढेच खुडायचे. रसात साधारण 20 टक्के अल्कोहोल होईल इतकी साखर हवी. साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट 13-14 टक्क्यांवर दमतं, उरते ती गोडी. साखर त्याहून फार चढली तर यीस्ट आधीच थकतं आणि हाती येतो नुसता पाक! एका वेलीमागे जेमतेम ग्लासभर वाइन. 1992 आणि 2012 ला तर गोड दिकेम काढलीच नाही.