अमानुल्लाची गादी बुरख्यामुळे गेली नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी तोच फोटो येतो. अफगाणिस्तानची राणी सुरैया, चेहरा उघडा, युरोपियन पोशाख. खाली मजकूर असा की, राजा अमानुल्ला खानाने बायकोचा बुरखा काढला, साऱ्या देशावर तीच सक्ती केली, लोक पेटून उठले आणि राजा जीव मुठीत धरून पळाला. शेवटी तात्पर्य: त्या लोकांना सुधारणा पचतच नाहीत. हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. एका अख्ख्या देशाबद्दलचं मत आपण एका फोटोवरून बनवून टाकतो आहोत.

आधी सनावळी बघा. सुरैयाने काबूलमध्ये भर सभेत चेहऱ्यावरचा पडदा बाजूला केला तो ऑक्टोबर १९२८ मध्ये. अमानुल्लाविरुद्धचं पहिलं मोठं बंड मात्र १९२४ साली देशाच्या आग्नेयेकडच्या खोस्त भागात झालं आणि ते मोडायला १९२५ उजाडलं. तेव्हा राणी पडद्यातच होती. मग ते बंड कशावरून झालं? नव्या कायद्यांनी लग्न आणि शिक्षा या बाबतीत मुल्ला-काझींच्या अधिकारात हात घातला होता, हे एक. दुसरं म्हणजे सैन्यभरती. पूर्वी आठ पुरुषांमागे एक माणूस द्यायचा, आणि कोण जाणार ते टोळीतले वडीलधारे ठरवायचे. अमानुल्लाने चिठ्ठ्या टाकून नाव काढायची पद्धत आणली. कागदावर ही पद्धत न्यायाची, पण गावातल्या मलिकाच्या, म्हणजे टोळीच्या मुखियाच्या, हातातली सत्ताच तिने काढून घेतली. कुणाचा मुलगा जाणार आणि कुणाचा राहणार, हे आता काबूलचा कारकून ठरवणार होता.

सक्तीबद्दल. देशभर बुरखाबंदीचा कायदा अमानुल्लाने केलाच नव्हता. सक्ती झाली ती पुरुषांवर, आणि ती चूकच होती असं माझं स्पष्ट मत आहे. १९२८ च्या उन्हाळ्यात काबूलजवळ पगमानला भरलेल्या लोया जिरग्यासाठी, म्हणजे देशभरच्या टोळीप्रमुखांच्या महासभेसाठी, हजाराच्या आसपास प्रतिनिधी आले. पगडी-चादरीत आयुष्य काढलेल्या त्या सरदारांना काळा कोट, पांढरा शर्ट, टाय आणि हॅट घालून बसवलं गेलं. हा अपमान घेऊनच ती माणसं आपापल्या खोऱ्यात परतली.

मग 'लोक पेटून उठले' ते कोण? नोव्हेंबर १९२८ मध्ये जलालाबादकडचे शिनवारी पश्तून उठले. त्यांनी तिथला राजवाडा जाळला, ब्रिटिश वकिलातही जाळली. त्यांच्या तक्रारींत धर्म होता, बायकांचा प्रश्नही होता, हे मी नाकारत नाही. मुल्लांनी सुरैयाचे युरोपातले फोटो वापरून घेतले, हेही खरं. पण त्याच्या जोडीला कर होते, भरती होती, अधिकाऱ्यांची लाचखोरी होती. कर का वाढले, ते त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. अमानुल्लाच्या आजोबांच्या काळी, १८९३ पासून, इंग्रज अमीराला वर्षाला १८ लाख रुपये देत आणि बदल्यात परराष्ट्र धोरण आपल्या हातात ठेवत. १९१९ मध्ये अमानुल्ला इंग्रजांशी लढला आणि रावळपिंडीच्या तहाने देशाचं स्वातंत्र्य मिळवलं. त्याबरोबर तो तनखाही बंद झाला. शाळा, रस्ते, काबूलजवळ दारुल अमानचा नवा राजवाडा, युरोपचा दौरा, या सगळ्याचा पैसा आता शेतकऱ्याकडून रोखीत यायचा होता. त्यात सैनिकांचा पगार कापलेला. उत्तरेकडून हबीबुल्ला कलकानी हा ताजिक बंडखोर काबूलवर चालून आला, तेव्हा राजासाठी जिवावर उदार व्हायला सैन्य तयारच नव्हतं.

बुरखा हेच कारण असतं, तर तो परत आणल्यावर बंड थांबायला हवं होतं. गळ्याशी आल्यावर अमानुल्लाने नेमकं तेच करून पाहिलं. मुलींच्या शाळा बंद केल्या, तुर्कस्तानला शिकायला पाठवलेल्या मुली परत बोलावल्या, बायकांनी पडदा पाळावा असं सांगितलं, शिकवायचं तर मुल्लांनी प्रमाणपत्र घ्यावं ही अट काढली. काहीही उपयोग झाला नाही. १४ जानेवारी १९२९ ला त्याला भाऊ इनायतुल्लासाठी गादी सोडावी लागली, आणि भावाची गादी तीन दिवस टिकली.

'पळाला' म्हणाल तर, काबूल सोडून तो कंदाहारला गेला. तिथे त्याने पदत्याग मागे घेतला, फौज जमवली आणि वसंतात गझनीच्या दिशेने कूच केलं. पण वाटेतल्या गिलझई पश्तून टोळ्यांची साथ मिळाली नाही, आणि तो स्वतः ज्यांच्यातला होता त्या दुराणी पश्तुनांनीही हवा तसा हात दिला नाही. मे १९२९ मध्ये तो सरहद्दीवरच्या चमनमार्गे हिंदुस्थानात आला आणि पुढे मुंबईला. डिसेंबर १९२७ मध्ये याच बंदरातून तो थाटात युरोपच्या दौऱ्यावर निघाला होता. आता सुरैयाचे दिवस भरत आले होते. जूनमध्ये मुंबईतच तिला मुलगी झाली आणि तिचं नाव ठेवलं 'इंडिया'. त्यानंतर थोड्याच दिवसांत बोट इटलीला निघाली.

राहिलं ते 'सुधारणा पचत नाहीत'. १९२१ मध्ये काबूलला मुलींची शाळा निघाली, त्याच वर्षी सुरैयाच्या आईने बायकांसाठी नियतकालिक चालवायला घेतलं, १९२३ मध्ये देशाला पहिली राज्यघटना मिळाली आणि गुलामगिरी रद्द झाली. हे करणारे, शिकणारे, लिहिणारे बहुतेक अफगाणच होते. अमानुल्ला १९६० मध्ये झुरिचला वारला. त्याला दफन केलं ते जलालाबादला, वडिलांच्या शेजारी.