‘स्वागताचं एवढं स्तोम कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रभूमध्ये सलाम.

मंडळीत (चर्चमध्ये) आणि ऑनलाइन एकाच वेळी होणाऱ्या उपासनेत लोकांशी कसं बोलावं, या आमच्या लेखावर जालन्याच्या एका वाचकबंधूंनी स्पष्ट शब्दांत प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : उपासना देवाची असते, ती पाहुण्यांची सरबराई करायची जागा नव्हे. स्वागताच्या नावाखाली नाही नाही त्या सूचना मधेच घुसतात. मोबाइलवर बघणाऱ्यांचे लाड केले तर बाकं रिकामी पडतील. आणि वाडवडिलांपासून चालत आलेली भाषा बदलण्याचा अधिकार आपल्याला दिला कुणी?

भाऊ, पहिल्या मुद्द्यावर आपलं फारसं भांडण नाही. सुरुवातीचं स्वागत अर्ध्या मिनिटात आटोपलंच पाहिजे. पण नवखा माणूस अवघडतो तो स्वागताचे शब्द कमी पडले म्हणून नाही. आता काय करायचं, कुठलं पान काढायचं, उठायचं की बसायचं हे त्याला कळत नाही म्हणून तो अवघडतो. शेजारचा उठला की तो उठतो, आणि पुस्तक सापडेपर्यंत पहिलं कडवं संपलेलं असतं. आमचा आग्रह आहे तो उपासनेत मधेमधे दिल्या जाणाऱ्या सूचनांबद्दल.

गीताचा क्रमांकच घ्या. ‘गीत सत्त्याऐंशी’ एवढंच म्हटलं की इंग्रजी माध्यमातली पोरं सत्त्याहत्तर काढतात, नाहीतर आईच्या तोंडाकडे बघतात. ‘गीत क्रमांक सत्त्याऐंशी, आठ सात’ असं दोनदा म्हणा आणि मग पेटीवर धृपदाची ओळ एकदा पूर्ण वाजू द्या. तेवढ्यात पानं सापडतात. वचनाचंही तसंच. ‘योहान तीन सोळा’ हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळतं. ‘नवा करार, योहानाचं शुभवर्तमान, तिसरा अध्याय, सोळावं वचन’ असं सांगा. बाकावर एकाच आवृत्तीची शास्त्रं (बायबल) ठेवली असतील तर पान क्रमांकही सांगा. वाचकाने लगेच सुरू न करता वीस सेकंद थांबावं. ही शांतता पुढे उभ्या असलेल्याला फार लांब वाटते, पान शोधणाऱ्याला ती जेमतेम पुरते.

पडद्यावर गीत दाखवत असाल तर एका वेळी चारच ओळी ठेवा, कारण तोच पडदा कुणीतरी गेवराईत हातातल्या मोबाइलवर बघत असतं. आणि मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, किंवा तिथला मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकला, की मराठीच्या जागी नुसती चिन्हं उमटतात.

‘सर्वांनी उभे राहावे’ याऐवजी ‘ज्यांना शक्य आहे त्यांनी उभे राहू या, बाकीच्यांनी बसूनच गाऊ या’ असं म्हणायला तीन सेकंद जास्त लागतात. गुडघे धरलेल्या आजींना तेवढ्यावर मोकळं वाटतं. दानाच्या वेळीही एक वाक्य पुरतं : ‘पाहुण्यांनी दान दिलंच पाहिजे असं नाही, दानाची थैली नुसती पुढे दिली तरी चालेल.’

एका प्रथेला मात्र आमचा ठाम विरोध आहे. ‘आज नवीन आलेल्यांनी उभे राहून नाव-गाव सांगावे.’ मराठवाड्यात आडनाव आणि गाव कळलं की जात ओळखायचा प्रयत्न लगेच सुरू होतो, आणि ज्या नजरेतून सुटायला माणूस देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येतो तीच नजर त्याच्यावर पुन्हा रोखली जाते. त्यात कॅमेरा चालू असेल तर त्याचा चेहरा आणि नाव यूट्यूबवर कायमचं राहतं. घरी न सांगता आलेल्या सुनेला याचा किती त्रास होऊ शकतो, याचा विचार करा. ‘उपासनेनंतर दाराशी थांबलेल्या पंचांना जरूर भेटा’ एवढं म्हणा (पंच म्हणजे मंडळीचे कारभारी). ज्याला भेटायचं तो भेटतो. आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेतही हाच धोका आहे. वॉर्ड, आजार, पूर्ण नाव हे सगळं थेट प्रक्षेपणात वाचून दाखवू नका. घरच्यांना आधी विचारा, नुसतं पहिलं नाव घ्या. देवाला आडनावाची गरज नाही.

आता ऑनलाइनचे ‘लाड’. घरी कोण असतं ते आधी बघा. अंथरुणाला खिळलेले, रविवारी ड्यूटी लागलेल्या नर्स, पुण्या-मुंबईला कामाला गेलेली मुलं. बीड-धारूरकडची ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीनंतर चार-पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असतात. तोडीला रविवारची सुट्टी नसते, म्हणून ती रात्री कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) आल्यावर ध्वनिमुद्रण लावतात. यांच्यातलं कुणीही बाक रिकामं ठेवायचं म्हणून घरी राहिलेलं नाही. म्हणून ‘आज इथे प्रत्यक्ष आलेल्यांचं विशेष अभिनंदन’ हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी कॅमेऱ्याकडे बघून म्हणा : ‘घरून, कामावरून, आत्ता किंवा नंतर आपल्यासोबत सहभागी होणाऱ्या सर्वांना सलाम.’ कॅमेरा बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असू द्या. छताजवळून टिपलेल्या चित्रात पाळकांचा (धर्मगुरूंचा) भांग दिसतो आणि ते आपल्याशी बोलतायत असं कुणालाच वाटत नाही.

तांत्रिक उशीरही ध्यानात ठेवा. यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणात कमीत कमी उशिराची सेटिंग ठेवली तरी काही सेकंद जातात, साध्या सेटिंगला त्याहून बरेच जास्त. त्यामुळे ‘ऑनलाइन असलेल्यांनी आमेन लिहा, बघू कोण कोण आहे’ असं म्हणून वाट बघितली तर मंडळी ताटकळते, आणि उत्तरं येतात तेव्हा प्रार्थना सुरू झालेली असते. प्रार्थनेचे विषय आदल्या रात्रीपर्यंत ग्रुपवर मागवा. झूमवर प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी माइक चालू ठेवून म्हटली तर आवाज एकमेकांवर आदळून नुसता गोंगाट होतो. एकाने म्हणायची, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून त्याच्याबरोबर, हे आधी सांगा. लाइटीचंही सुरुवातीलाच सांगून ठेवा : ‘प्रक्षेपण तुटलं तर दहा मिनिटं थांबा, नवी लिंक ग्रुपवर येईल.’

सगळ्यात जास्त लोक तुटतात ते प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि रस घेण्याच्या विधीच्या वेळी. पंधरा-वीस मिनिटं कॅमेऱ्यात रांगेतल्या पाठी दिसतात आणि घरी बसलेल्याला कुणी काहीच सांगत नाही. घरी भाकर आणि रस घ्यावा का, हा प्रश्न त्या त्या मंडळीच्या नियमाचा आहे आणि तो पाळकांनीच सोडवावा. पण निर्णय काहीही असो, तो मोठ्याने सांगा. ‘घरून सहभागी असलेल्यांनी या वेळात स्तोत्र तेवीस वाचावं, आणि शेवटची प्रार्थना आपण एकत्र करू’ असं म्हटलं की त्यांच्याही हाताला काम मिळतं. देवळात बसलेल्यांनाही प्रभुभोजनाच्या मेजाशी कोणी यायचं आणि ज्यांनी यायचं नाही त्यांनी काय करायचं, हे स्वच्छ शब्दांत कळायला हवं. कुजबुजून अडवण्यासारखा अपमान नाही.

वाडवडिलांच्या भाषेबद्दल आम्हालाही ओढ आहे. पण कुठल्या वाडवडिलांची? मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या शेजारी ओवी-अभंगाच्या वळणाची भजनं उभी केली, ती गावातल्या माणसाच्या ओठांवर बसावीत म्हणून. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या (इथे मंडळ्या म्हणजे पंथ) ऐक्यातून उभी राहिली. वेगवेगळ्या परंपरांतून आलेल्या लोकांना तोंडपाठ असलेली प्रार्थना शब्दाशब्दाला सारखी नसते. म्हणून मजकूर पडद्यावर दाखवा, ‘सर्वांना येतेच’ असं धरून चालू नका. ठरलेले जुने पाठ जसेच्या तसे राहू द्या. बदल करायचा तो आपण स्वतः बोलतो त्या वाक्यांत. बाकांवर निम्म्याहून जास्त बाया असताना नुसतं ‘बंधूंनो’ कशाला? पापांगीकार (पापं कबूल करण्याची प्रार्थना) नव्याने लिहिताना ‘मी चुकलो’ असं लिहिलं की बाईला परक्याचं वाक्य म्हणावं लागतं. ‘माझ्याकडून चूक झाली’ हे दोघांनाही आपलं वाटतं.

तुमची एक तक्रार मात्र आम्हाला पूर्ण मान्य आहे : स्वागताच्या नावाखाली वाढदिवस, मीटिंगा, वर्गणी यांच्या सूचना उपासनेच्या मधोमध घुसतात. त्या आशीर्वादानंतर घ्या, तीन मिनिटांत संपवा, आणि लेखी सकाळीच ग्रुपवर टाका. तारीख आणि वेळ तेवढी तोंडी दोनदा सांगा, कारण ग्रुपवर नसलेली माणसं बाकावर असतात.