‘मातीशी बेइमानी’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस आणि म्हैसूरचा सत्ताधीश हैदरअली यांच्या १७८० च्या समेटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “पटवर्धनांची माणसं मारणाऱ्याशी हातमिळवणी करणाऱ्याला मुत्सद्दी म्हणणं ही सांगलीच्या मातीशी बेइमानी आहे.” (पटवर्धन म्हणजे आपल्या मिरज-सांगलीचं पेशव्यांचं सरदार घराणं.) शिवाय इंग्रजांशी झालेल्या सालबाईच्या तहात नानांनी त्याच हैदरला वाऱ्यावर सोडलं, हा दुसरा आरोप.

मतभेद असू द्या. पण बेइमानी? मी मिरजेचा. लहानपणापासून दरवर्षी तासगावच्या गणपतीचा रथ ओढायला जातो, ते देऊळ परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलं. वडिलांनी मला मोडी शिकवली ती पटवर्धनी कागद वाचता यावेत म्हणून. मातीचा अभिमान मला कुणी शिकवू नये, निदान टोपणनावाआडून तर नाहीच.

एक मान्य करतो. १७७७ साली हैदरशी झालेल्या सावशीच्या लढाईत कोन्हेरराव पटवर्धन पडले, पांडुरंगराव पटवर्धन हैदरच्या हाती लागले आणि कैदेतच वारले. हे मी एका ओळीत उरकलं, जास्त लिहायला हवं होतं. त्याच पांडुरंगरावांचे चिरंजीव चिंतामणराव, आणि १८०१ मध्ये मिरजेतून वेगळं होऊन सांगली संस्थान उभं राहिलं ते त्यांच्या हातून. म्हणजे तुम्ही ज्या सांगलीच्या नावाने भांडता ती तेव्हा संस्थान म्हणून जन्मालाही आली नव्हती.

आता पुण्याची अवस्था पाहा. १७७९ मध्ये वडगावला इंग्रज शरण आले, पण त्याच वर्षी राघोबादादा निसटून पुन्हा त्यांनाच मिळाले. इंग्रज सेनापती गॉडर्ड गुजरातेत उतरलेला. अशा वेळी कर्नाटकातही लढत राहायचं? नानांनी कृष्णा-तुंगभद्रेमधला मुलूख हैदरकडे राहू दिला आणि वर्षाला अकरा लाखांच्या खंडणीवर मिटवलं. किंमत जबर होती, त्यात पटवर्धनांच्या रक्ताने राखलेला मुलूखही गेला. पण निजाम, नागपूरकर भोसले आणि हैदर यांनी पुण्याबरोबर इंग्रजांवर चालून जायचं ठरलं होतं, त्याप्रमाणे तुटून कोण पडलं? निजामाला इंग्रजांचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने गुंटूर परत देऊन गप्प केलं, नागपूरकर भोसल्यांची फौज कटकला जाऊन बसली. हैदर मात्र मद्रासेकडच्या अर्काटच्या मुलखात घुसला आणि सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला इंग्रज अधिकारी बेलीची अख्खी तुकडी त्याने कापून काढली. मद्रास हादरली.

आणि पुढच्या वर्षी गॉडर्ड बोरघाटातून पनवेलकडे मागे हटला, तेव्हा त्याच्या पाठीवर कोण होतं? हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि परशुरामभाऊ पटवर्धन! ज्या कुळातली माणसं हैदरने मारली, कैदेत ठेवली, त्याच कुळातला सरदार तो समेट मानून इंग्रजाशी लढत होता. दुःख त्यांच्या घरात होतं आणि निर्णयही त्यांनी पाळला. मग अडीचशे वर्षांनी तुम्ही कोणाच्या वतीने रागावलात? भाऊंनाही बेइमान म्हणणार का? म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

सालबाईवर इथे वाद घालणार नाही. तह मे १७८२ चा, नानांनी तो महिनोन्‌महिने अडवून धरला आणि हैदर डिसेंबरात वारल्यावरच कायम केला. वाऱ्यावर सोडणारा माणूस इतका थांबत नाही. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देण्यासारखं काही नाही.

पुन्हा लिहा, कागद घेऊन लिहा, मी वाचेन. पण ‘बेइमानी’ हा शब्द आधी मागे घ्या. तो असलेली प्रतिक्रिया यापुढे इथे राहणार नाही.